हाडात पू झालाय म्हणतात, आता काय करायचं?

हाडाच्या जंतुसंसर्गाचा रुग्ण माझ्याकडे पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे असतात, चुरगळलेले केसपेपर असतात आणि तीन-चार प्रकारच्या अँटिबायोटिकची अर्धवट संपलेली पाकिटं असतात. एक केमिस्टने दिलेलं, एक नाक्यावरच्या डॉक्टरने, एक गावाकडच्या मेव्हण्याने ‘आमच्याकडे याने गुण आला’ म्हणून पाठवलेलं. प्रत्येक गोळीने चार दिवस ठणका कमी झालेला असतो. पिशवीत नसतो तो नेमका हवा असलेला कागद, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे सांगणारा कल्चर रिपोर्ट. मुंबईत पालिकेची एवढी मोठी रुग्णालयं आणि गल्लोगल्ली लॅब असूनही हा कागद राहून जातो आणि मग सहा आठवड्यांत आटोपायचं काम वर्षभर रेंगाळतं. म्हणून हा लेख रुग्णासाठी आणि त्याच्यासोबत खेटे घालणाऱ्या घरच्यांसाठी, गोष्टी ज्या क्रमाने व्हायला हव्यात त्या क्रमाने लिहिला आहे. औषध आणि डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. पण काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक हवं.

हाडाच्या आत काय चाललेलं असतं

हाड जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं. जंतू तिथे तीन वाटांनी पोचतात. पहिली वाट रक्तातून: शरीरात दुसरीकडे गळू, त्वचेचा संसर्ग, डायलिसिसची नळी असं काही असलं की तिथले जंतू रक्तासोबत हाडात जाऊन बसतात. मुलांमध्ये ही वाट नेहमीची. दुसरी वाट थेट: हाड कातडी फाडून बाहेर आलेलं फ्रॅक्चर, किंवा प्लेट, रॉड, कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया. तिसरी शेजारून: मधुमेही पायाची जखम किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरची जखम खोल जात हाडापर्यंत पोचते. बहुतेक वेळा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. एरवी तो कित्येकांच्या नाकात आणि कातडीवर काही त्रास न देता राहत असतो.

मऊ मांसात पू झाला तर तिथली जागा फुगते. हाडाला फुगता येत नाही. आत पू साठला की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो तुकडा मरतो. या मेलेल्या तुकड्याला डॉक्टर सिक्वेस्ट्रम म्हणतात. शरीर त्याच्याभोवती नव्या हाडाचं कवच बांधतं, कवचाला भोक पडतं, त्यातून पू वाट काढत कातडीपर्यंत येतो. अँटिबायोटिक शरीरात फिरतं ते रक्तातून, आणि मेलेल्या हाडात रक्तच जात नाही. कितीही भारी इंजेक्शन दिलं तरी ते त्या तुकड्यात पुरेसं पोचत नाही. शस्त्रक्रिया का, इतके आठवडे औषध का, वरून जखम मिटली तरी पुन्हा का फुटते, या सगळ्यांचं उत्तर इथे आहे.

संशय कधी घ्यायचा

लहान मुलापासून सुरुवात करतो, कारण तिथे तास मोजावे लागतात. मूल खेळताना पडतं, दोन दिवसांनी लंगडायला लागतं, ताप येतो. घरचे म्हणतात मुका मार आहे. आजी तेल चोळून शेक देते. मुका मार असेल तर दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, मूल त्या पायावर उभंच राहत नसेल, गुडघ्याच्या जरा वर किंवा जरा खाली एका ठरावीक जागी बोट लावलं की ओरडत असेल आणि सोबत ताप असेल, तर तो हाडाचा संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत हाडाचाच संसर्ग समजायचा. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक या वाढीच्या जागा. तिथे रक्त संथ फिरतं आणि जंतूंना थारा मिळतो. तान्ह्या बाळाला तर ताप येईलच असं नाही. लंगोट बदलताना ते किंचाळतं आणि एक पाय हलवत नाही, एवढीच खूण असते. बाळाच्या खुब्याच्या सांध्यात पू झाला तर तो तातडीने काढावा लागतो. उशीर झाला तर सांधा आणि हाडाची वाढ कायमची बिघडू शकते. असं मूल घेऊन सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या. चोळणं आणि शेकणं बंद.

मधुमेहींचं उलटं. तिथे दुखत नाही, हीच अडचण. पायाची संवेदना गेलेली असते, चपलेत खडा शिरलेला कळत नाही. मुंबईचा पावसाळा अशा पायांचा वैरी आहे: परळ-हिंदमातेच्या पाण्यातून वाट काढली, दिवसभर ओले बूट घालून ऑफिसात बसलं, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटली. त्यात अनवाणी चालण्याचे नवस. गणपतीच्या रांगेत आणि शिर्डीच्या पालखीत अनवाणी चालून आलेले तळवे मी दरवर्षी बघतो, आणि भक्तीला माझा विरोध नसला तरी मधुमेह्याने हा नवस बोलू नये असं मला स्पष्ट वाटतं. पायाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तळाशी पांढरं-कडक काही दिसत असेल, एखादं बोट सुजून लाल आणि टम्म झालं असेल, तर हाडापर्यंत गेलं असण्याची शक्यता धरा. डॉक्टर बोथट, निर्जंतुक सळी जखमेत अलगद घालून बघतात. टोकाला कडक हाड लागलं तर संशय बळावतो. ही तपासणी मिनिटभराची असते आणि तिला मशीन लागत नाही. जखम दाखवायला गेलात आणि कुणी पट्टी न सोडताच औषध लिहून दिलं, तर डॉक्टर बदला.

पाठीचं दुखणं ओळखणं सगळ्यांत अवघड, कारण लोकलने प्रवास करणाऱ्या निम्म्या शहराची पाठ दुखते. फरक असा: साधी पाठ आडवं झाल्यावर बरी वाटते. मणक्यात संसर्ग असेल तर रात्री, पडल्या पडल्याही दुखते, कूस बदलताना जाग येते. सोबत कणकण, वजन उतरणं, भूक मरणं. पायात मुंग्या किंवा जोर कमी झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मज्जारज्जूवर दाब आला आहे, आणि गेलेली ताकद परत येईल की नाही हे बरंचसं दाब किती लवकर निघतो यावर असतं.

चौथा गट प्लेट आणि रॉडवाल्यांचा. भांडुपचा एक रिक्षावाला माझ्याकडे खोकल्याच्या औषधासाठी आला होता. त्याच्या खाकी पँटच्या पायाला नडगीपाशी रुपयाएवढा पिवळट डाग होता, कडेने वाळून कडक झालेला. पायचा वर करायला सांगितला तर आत कापसाचा बोळा चिकटपट्टीने चिकटवलेला, आणि त्याखाली तांदळाच्या दाण्याएवढं भोक. दाबलं की थेंबभर पाणी यायचं. दीड वर्षापूर्वी प्लेट बसवली होती. ‘दुखत नाही ओ डॉक्टर, नुसतं पाणी येतं. मध्ये दोन महिने बंद होतं.’ हे ‘नुसतं पाणी’ येतं ते नाडीव्रणातून, म्हणजे हाडातल्या पुवाने कातडीपर्यंत काढलेल्या वाटेतून. भोक मिटलं म्हणजे आजार गेला असं नाही. आत साठतं, फुगतं, ताप येतो आणि पुन्हा फुटतं. शस्त्रक्रियेच्या जागेतून काही आठवड्यांनंतरही स्राव येत असेल तर ते नॉर्मल आहे असं कुणाचंही ऐकू नका.

थंडी वाजून ताप, श्वास जलद, बरळणं, लघवी कमी होणं, बीपी उतरणं, यांपैकी काही दिसलं तर जंतू रक्तात पसरले असावेत. मग क्रमबिम विसरा, १०८ ला फोन करा.

पहिल्या दिवशी कुठे जायचं

ऑर्थोपेडिक विभाग असलेल्या रुग्णालयात. पालिकेची केईएम, सायन, नायर आणि कूपर, शिवाय सरकारी जे. जे. इथे ऑर्थोसोबत मायक्रोबायोलॉजी (जंतू तपासणारा विभाग) आणि प्लास्टिक सर्जरी एकाच आवारात मिळतात, आणि या आजारात तिघांचीही गरज पडते. मुलांसाठी परळचं वाडिया आहे. गर्दी असते, बाकडी कमी असतात, हे खरं. पण जुन्या, किचकट संसर्गासाठी मी छोट्या चकचकीत नर्सिंग होमपेक्षा ही गर्दी पत्करेन, कारण दहा वेळा उघडलेला पाय तिथल्या डॉक्टरांनी रोज पाहिलेला असतो.

मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्या केसपेपरवर युनिट कोणतं ते बघून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच वारी जा. नाहीतर दर वेळी नवा डॉक्टर आणि पहिल्यापासून कथा. सोबत न्यायचं ते असं: जुने सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून, शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कार्ड आणि त्यात बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर, आणि आजवर घेतलेल्या अँटिबायोटिकची यादी, किती दिवस घेतलं त्यासह. नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटंच न्या. खर्चाचा प्रश्न असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेच्या आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर जाण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तपासण्या, आणि त्यांतला एक कागद

रक्तातल्या पेशी मोजणारी सीबीसी आणि शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांनी सुरुवात होते. यांत सीआरपी सगळ्यांत बोलका: संसर्ग पेटला की काही तासांत चढतो, औषध लागू पडलं की काही दिवसांत उतरतो. ईएसआर हळू चढतो आणि हळू उतरतो. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून संसर्ग नाही असं मानू नका; जुन्या संसर्गात त्या बऱ्याचदा नॉर्मलच असतात. मुलाचं किंवा मधुमेह्याचं रक्त घेतानाच साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लिव्हरची तपासणी करून घेतली की पुढच्या औषधांसाठी पाया मिळतो.

एक्स-रे काढायचाच, पण पहिल्या १० ते १४ दिवसांत तो स्वच्छ दिसू शकतो. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज जाईपर्यंत फिल्मवर बदल उमटत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, घरी जा’ हे वाक्य या आजारात फार महाग पडतं. सुरुवातीच्या काळात एमआरआय सगळ्यांत उपयोगी. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन ते पाच दिवसांत तो हाडातली सूज आणि पू दाखवू शकतो. आत धातू असेल तर चित्र विस्कटतं, म्हणून तंत्रज्ञाला प्लेट-रॉडची माहिती आधीच द्या. मेलेला तुकडा कुठे अडकलाय हे बघायला सीटी स्कॅन चांगला. एमआरआयची पालिका रुग्णालयातली तारीख लांबची मिळाली तर ‘तातडीचं’ असा शेरा डॉक्टरांकडून मागून घ्या. मणका आणि लहान मूल यांत तो मिळायला हवा.

आता तो कागद. नाडीव्रणाच्या तोंडावर कापसाची काडी फिरवून घेतलेला स्वॅब जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्यात कातडीवरचे जंतू येतात, हाडातले नाही. खरा नमुना म्हणजे हाडाचा तुकडा किंवा खोलातला पू, सुईने किंवा शस्त्रक्रियेत काढलेला. ताप असेल तर रक्ताचं कल्चरही, पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी. रुग्ण स्थिर असेल तर नमुना मिळेपर्यंत अँटिबायोटिक थांबवणं योग्य. आधीपासून गोळ्या चालू असतील तर बरेच सर्जन त्या दोनेक आठवडे बंद ठेवून मग नमुना घेतात. हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. आणि रुग्ण गंभीर असेल तर थांबायचं नाही, रक्त घेऊन लगेच औषध सुरू.

शस्त्रक्रियेच्या दिवशी थिएटरबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या हातात बाटल्या देऊन ‘हे लॅबमध्ये पोचवा’ सांगितलं जातं. तेव्हा नीट बघा. बाटल्या किमान दोन हव्यात. एक हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठीची, तिच्यात फॉर्मॅलिन असतं, नाकाला झोंबतं. दुसरी कल्चरची, ती निर्जंतुक, साधी किंवा थोडं सलाईन घातलेली. कल्चरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला की जंतू मरतात आणि पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो. मग सगळे म्हणतात संसर्ग नव्हताच. म्हणून विचारा: ‘यातली कल्चरची कुठली? टीबीसाठी सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) पाठवलंय का?’ एका ऐवजी तीन-चार ठिकाणचे वेगवेगळे तुकडे पाठवले तर रिपोर्ट जास्त भरवशाचा. बाटलीवर नाव, बाजू आणि जागा वाचून घ्या, आणि वाटेत चहा न घेता लॅब गाठा. साधारण कल्चरचा पहिला रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, हळू वाढणाऱ्या जंतूंसाठी लॅब १४ दिवसांपर्यंत वाट बघते. रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा, मोबाइलवर फोटोही.

हिस्टोपॅथॉलॉजीला कमी लेखू नका. मुलांमधली युइंग सार्कोमा ही हाडाची गाठ तापासकट हुबेहूब संसर्गासारखी दिसू शकते, आणि ती पू समजून उपचार करण्यात आठवडे गेले तर मूल गमावायची पाळी येते. नमुना दोन्हीकडे पाठवण्याचं हेही एक कारण.

शस्त्रक्रिया लागते तेव्हा

पू साठला नसेल आणि दोन-तीन दिवसांत पकडलं असेल, तर मुलांत बऱ्याचदा नुसत्या औषधांवर भागतं. पू असेल तर काढावाच लागतो. जुन्या संसर्गात डिब्राइडमेंट म्हणजे मेलेलं हाड आणि कुजलेला भाग खरवडून काढणं, कडेने ताज्या रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. अर्धवट साफसफाई करून वरून टाके घालणं म्हणजे तीच शस्त्रक्रिया पुन्हा करायचं आमंत्रण.

मागे पोकळी राहते. ती रिकामी ठेवली तर पुन्हा पू साठतो, म्हणून तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या बोन सिमेंटच्या मण्यांची माळ ठेवतात. मण्यांतून औषध जागेवरच झिरपत राहतं, रक्तात चालणार नाही एवढ्या तीव्रतेने. सिमेंटची माळ नंतर काढावी लागते. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरघळतात, पण त्यातून काही आठवडे पांढरट पाणी येऊ शकतं, घाबरू नका, डॉक्टरांना मात्र दाखवा. नडगीवर कातडीच उरली नसेल तर प्लास्टिक सर्जन पोटरीचा स्नायू फिरवून तिथे झाकण घालतात. हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, स्नायूबरोबर रक्तपुरवठा येतो.

प्लेट किंवा रॉड काढायचा का? त्यावर जंतू एक चिकट थर तयार करतात, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर धरतो तसा. वरून कितीही औषध ओता, थराखालचे तगून राहतात. तरी फ्रॅक्चर जुळलं नसेल आणि संसर्ग ताजा असेल तर सर्जन कधी कधी साफ करून तीच प्लेट ठेवतात, कारण हलत राहणाऱ्या हाडात संसर्ग आटोक्यात येत नाही. हाड जुळलं की धातू बाहेर. जुळलं नाही आणि प्लेट ढिली झाली असेल तर ती काढून बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाड धरून ठेवणारा धातूचा सांगाडा लावतात. आमच्या रिक्षावाल्याचं हाड जुळलेलं होतं, म्हणून त्याची प्लेट निघाली आणि मामला तुलनेने सोपा झाला. कृत्रिम गुडघा किंवा खुबा असेल तर बऱ्याचदा दोन टप्पे: आधी सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेला तात्पुरता स्पेसर, संसर्ग गेल्यावर नवा सांधा.

हाडाचा मोठा तुकडा काढावा लागला तर इलिझारॉव्ह रिंग, म्हणजे पायाभोवती बसवलेली आणि हाडातून आरपार घातलेल्या तारांनी धरलेली धातूची कडी. सोव्हिएत संघातल्या कुर्गान शहरातले सर्जन गॅव्हरिल इलिझारॉव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. निरोगी भागात हाड कापून दोन टोकं रोज साधारण १ मिलिमीटर दूर सरकवतात आणि मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. सरकवायचं काम घरी, तुम्ही स्वतः करता: दिवसातून चार वेळा नट पाव-पाव मिलिमीटर. तारांच्या भोवतीची कातडी रोज स्वच्छ ठेवायची. किती महिने लागतील ते आधीच विचारून घ्या आणि मालकाशी, शाळेशी तसं बोलून ठेवा. रिंग लावून गर्दीच्या लोकलमध्ये चढता येत नाही.

औषध: किती दिवस, कसं

मोठ्या माणसांत साफसफाईनंतर साधारण सहा आठवडे, मुलांच्या साध्या, लवकर पकडलेल्या संसर्गात तीन ते चार आठवडे. मधुमेही पायात हाड न कापता उपचार करायचे ठरले तरी सहा आठवड्यांच्या आसपास. सहा आठवडे सलाईन म्हटलं की नोकरदारांच्या पोटात गोळा येतो. पण ब्रिटनमधल्या २६ केंद्रांत १,०५४ रुग्णांवर झालेल्या ओव्हिव्हा चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, पहिल्या आठवड्यानंतर योग्य गोळ्यांवर नेलेल्या रुग्णांचं वर्षभरानंतर इंजेक्शनवाल्यांपेक्षा वाईट झालं नाही. ‘योग्य’ हा शब्द इथे महत्त्वाचा: कोणती गोळी हे कल्चर रिपोर्टवरूनच ठरतं. रिपोर्ट असेल तर लवकर गोळ्यांवर जाता येईल का, हे तुम्ही बिनधास्त विचारू शकता.

काही औषधांचे स्वभाव माहीत असू द्या. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ते गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम कमी करतं, आणि ते कधीच एकटं द्यायचं नसतं. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की दर आठवड्याला सीबीसी. पायाला बधिरपणा किंवा नजर धूसर वाटली तर लगेच सांगा. व्हॅन्कोमायसिन किडनीवर येऊ शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन दुधासोबत किंवा कॅल्शियम, लोह, अँटासिडसोबत घेतलं तर अंगाला लागतच नाही. टाचेमागची शीर दुखली तर थांबवून फोन करा. क्लिंडामायसिनने जोराचे जुलाब लागले तर जुलाबाची गोळी स्वतः घेऊ नका.

आणि ठणका थांबला म्हणून औषध थांबवायचं नाही. दुखणं पहिल्या आठवड्यात जातं, जंतू नाही.

टीबीचा विचार मुंबईत करावाच लागतो

हाडाचा, विशेषतः मणक्याचा टीबी आपल्याकडे इतका आढळतो की संशय आला तर तो तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं. हा हळू येतो: महिनोन्‌महिने पाठदुखी, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, क्वचित पाठीवर टेंगूळ किंवा जांघेत न दुखणारी पुवाची गाठ. छातीचा एक्स-रे स्वच्छ असूनही मणक्यात टीबी असू शकतो. फुप्फुसाचा टीबी नसेल तर हा घरात कुणाला लागत नाही. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, आणि मुलीचं लग्न ठरतंय म्हणून आजार लपवायची तर अजिबात नाही.

आधी सांगितलेली लिव्होफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड टीबीवरही थोडी चालतात. म्हणून नमुना न घेता ती दिली की तात्पुरतं बरं वाटतं, निदान मागे पडतं. सीबीनॅटने टीबी आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, दोन्ही काही तासांत कळतं. औषधाला न जुमानणारा टीबी या शहरात कमी नाही, त्यामुळे ‘टीबीचंच दिसतंय, सुरू करून बघू’ यावर मी समाधानी नसतो. औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात, हाडासाठी किमान १२ महिने. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी बँक खात्यात पैसे येतात; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १,००० रुपये झाली. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. पायाची ताकद जात असेल किंवा मणका कोसळत असेल तर लागते.

घरी

ड्रेसिंग रोज मोठ्या रुग्णालयात जाऊन करायची गरज नसते. जवळचा पालिका दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ इथे कागद दाखवून विचारा. जखमेत हळद, कॉफी पावडर, चुना, कुठल्याही मुळीची पूड नको. आंबट खाल्लं की पू वाढतो, भात-डाळ खाल्ली की जखम चिघळते, हे समज घराघरांत आहेत आणि त्यापायी रुग्णाचं जेवण तोडलं जातं. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, दही, अंडी, मासे, जे चालतं ते पोटभर. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणल्याशिवाय बाकी सगळं वाया. बिडी-सिगारेट बंद. तंबाखू आणि मशेरीही त्यातच धरा. निकोटिन रक्तवाहिन्या आखडतं आणि हाड जुळायला उशीर होतो. मशेरीचं नाव बायकांच्या केसपेपरवर क्वचितच असतं, कारण कुणी विचारत नाही.

पायावर भार किती द्यायचा ते लेखी घ्या. ‘थोडं थोडं चाला’ याचा अर्थ चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि तळमजल्यावर राहणाऱ्या माणसासाठी वेगवेगळा होतो.

आठवड्याला किंवा पंधरवड्याला सीआरपी आणि औषधाप्रमाणे क्रिएटिनिन, लिव्हर, सीबीसी. सीआरपी उतरायचा थांबला किंवा पुन्हा चढला, रात्रीचा ठणका परत आला, पट्टीवर नवा डाग दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता आपल्या युनिटच्या वारी जा. औषध संपल्यावर लगेच फाइल माळ्यावर टाकू नका. बहुतेक संसर्ग परत यायचे असतील तर पहिल्या वर्षभरात येतात, पण जुना हाडाचा संसर्ग दहा-वीस वर्षांनीही डोकं वर काढल्याचे रुग्ण असतात. पुढे कधी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर त्या सर्जनला हा इतिहास सांगा आणि जुना कल्चर रिपोर्ट दाखवा.

ज्यांचा नाडीव्रण वर्षानुवर्षं वाहतोय आणि ज्यांनी ‘आता सवय झाली’ म्हणून रोज बोळा बदलणं पत्करलंय, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अशा जुनाट जखमेच्या कडेला कॅन्सर होऊ शकतो, क्वचित पण होतो. वास अचानक वाढला, कडेला फुलकोबीसारखी वाढ दिसू लागली, सहज रक्त येऊ लागलं किंवा जांघेत गाठ लागली, तर ड्रेसिंग बदलून भागणार नाही. कडेचा तुकडा काढून बायोप्सी करायला सांगा. ती ऑर्थोच्या ओपीडीतच होते, आणि गरज पडलीच तर परळचं टाटा मेमोरियल केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.